आडोसा

काल सांजी येस्टीतून चौघं उतरले अन् एक मॅडम.
खांद्यावर पेट्या, काखेत पुठ्ठ्याची घडी.
"काकू, जेवणाचं तुमच्याकडे ना?"
माह्याकडेच. या शायेची खिचडी
मीच शिजवते, चौदा वर्सं झाले,
मांगच्या टिनाच्या शेडात.

आलूवांगं केलं, वरून सांबार,
ज्वारीच्या भाकरी. ढोबळे बाबूनं पाच खाल्ल्या,
सहावी अर्धी मोडून ठेवली.
मॅडम माह्या घरी निजली, लेकीच्या गोधडीवर.
आर्वीची हाय. तिले विंचवाचं भेव.
बॅटरी लावून भिंती पाहे,
अन् पाहता पाहता सांगे, लग्न जुळून रायलं,
पोरगा पुण्याचा हाय,
तिले पुणं नाई पाहिजे.

सकाळी सातले चहाचा गंज ठेवला
अन् हात पुसून मीही लाइनीत लागली.
पुढं केवळा, कडेवर नातू.
मांगं पाटलाची सून, गॉगल लावून.
ऊन तेव्हाच चपलीतून वर येऊन रायलं होतं.

खरं सांगू,
त्या खोलीत पुढच्या दारानं मी कधी गेलीच नव्हती.
खिडकीतून ताट देणं, खिडकीतून ताट घेणं.
खिडकीतून फया दिसत नाई.
आज दिसला. कोण्या पोरानं खडूचा मासा काढला होता,
पुसाचा रायला होता.

"ओळखपत्र?" ढोबळे बाबू म्हणे.
मी त्याच्या तोंडाकडे पाह्यलं. मिशीले अजून चहा.
कार्ड देल्लं. त्यानं जोरात वाचलं,
"चारशे एकोणीस, द्वारका नामदेव खिराडे."
एवढं पुरं नाव गावात कोणी घेत नाई.
कोपऱ्यातल्या एजंटाइनं माना हलवल्या, हो, हेच ते.
एवढे माणसं माह्या नावाले "हो" म्हणाले,
लग्नानंतर पयल्यांदाच.

मॅडमपुढं डावा हात ठेवला.
तिनं शाईची काडी उचलली
अन् थांबली.
ते बोट नाई.
कुट्टी मशिनीत गेलं, लेकीच्या बारशाच्या आठ दिवस आंधी.
रात्री भाकर वाढतानी तिनं पाह्यलं नव्हतं.
तिनं साहेबाकडे पाह्यलं, साहेबानं पुस्तक उघडलं,
लाइन मांगून म्हणे, काय झालं वो, काय झालं.
"मधल्या बोटाले लाव," मीच म्हटलं,
"मांगच्या खेपीले तसंच केल्तं."
साहेबाले पान सापडलं
तवर शाई वायली होती.

मंग ते पुठ्ठं.
तीन बाजूनं उभं, आतमंदी मी अन् मशीन.
घरच्यानं सांगतलं होतं कोणतं बटन.
सरपंचाच्या बाईनं येगळं सांगतलं होतं, दारात उभी राहून,
माह्याच भिंतीले टेकून.
पुठ्ठ्याच्या आत दोघायचाही आवाज येत नव्हता.
धूर नाई, पोरायचं ताटं वाजवणं नाई.
मी कोणतं दाबलं ते सांगत नाई.
काचीत चिठ्ठी दिसली, पडली,
पीऽऽ वाजलं,
तरी मी उभीच.
"काकू, झालं ना?"
झालं होतं. जराशी उभी रायते म्हटलं.

अंधार पडल्यावर सील, लाख, सह्या.
ढोबळे बाबू जेवणाचे पैसे मोजून रायला होता.
मी म्हटलं, पैशाचं राहू द्या,
ते पुठ्ठं ठेवून जा ना,
चुलीले वाऱ्याचा लय तरास हाय, आडोसा होईल.
मॅडम हसली. बाबू नाई हसला.
"सरकारी हाय काकू. परत जमा करा लागते."

घडी केली त्याइनं त्याची,
सुतळीनं बांधली,
अन् गाडीत चढतानी
काखेत दाबून घेऊन गेले.